पिरॅमिडची शक्ती आणि पिरॅमिड बांधणाऱ्यांचे आरोग्य

प्राचीन इजिप्तच्या नावावर आज जगभर आरोग्याचा आणि मनःशांतीचा एक व्यापार चालू आहे. तांब्याच्या सळ्यांचा पिरॅमिड डोक्यावर टांगून ध्यानाला बसावे, दोन्ही मुठींत धातूच्या नळ्या धरून अंगात 'ऊर्जा' भरून घ्यावी, सिंहमुखी सेखमेत देवीच्या नावाने हस्तस्पर्शाची दीक्षा घ्यावी, गळ्यात 'अंख' हे जीवनचिन्ह बांधावे, असे त्याचे नाना प्रकार आहेत. जपानी रेकीला इजिप्तचा पोशाख चढविलेली एक उपचारपद्धती तर तिच्या अमेरिकन प्रवर्तकाला १९८० च्या सुमारास गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये घालविलेल्या एका रात्रीत लाभली, असे सांगितले जाते. आपल्याकडे हा माल वास्तुशास्त्राच्या वाटेने शिरला. घराचा दोष काढण्यासाठी भिंतीला चिकटवावयाचे प्लॅस्टिकचे पिरॅमिड आपल्या शहरांतून राजरोस विकले जातात.

पुरोगामी माणूस अशा गोष्टींना हसतो आणि पुढे जातो. हे हसणे पुरेसे नाही. या व्यापाराने विकावयास काढलेला इजिप्त हा खऱ्या इजिप्तवर टाकलेला पडदा आहे. त्या पडद्याआड शिधा मागणारा कारागीर आहे, कालव्याच्या पाण्यात उभा राहून आजारी पडणारा शेतकरी आहे, आणि गेल्या काही वर्षांत एका दुर्धर रोगाला सार्वजनिक प्रयत्नाने मागे रेटणारा देशही आहे. आरोग्याच्या प्रश्नावर इजिप्तकडून काही शिकावयाचे असेल तर ते या इजिप्तकडून शिकले पाहिजे, हे मला येथे मांडावयाचे आहे.

गूढ इजिप्त कोणी घडविला?

इजिप्तच्या नावाने औषध विकण्याची चाल नवी नाही. सोळाव्या शतकात युरोपातील औषधविक्रेत्यांकडे ममीची पूड मिळे आणि मुका मार, रक्तस्राव अशा कितीतरी तक्रारींवर ती पोटात घेतली जाई. मुळात 'मूमिया' हे पर्शियन-अरबी वैद्यकातील डांबरासारख्या एका खनिज द्रव्याचे नाव. शब्दाच्या गोंधळातून ते इजिप्तमधील जतन केलेल्या प्रेतांना चिकटले आणि प्रेतच औषध ठरले. मागणी वाढली, पुरवठा तोकडा पडला. तेव्हा ताजी प्रेते वाळवून ममी म्हणून खपविणारे व्यापारी निघाले. फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे याने १५८२ मध्ये या औषधाविरुद्ध लिहिले, तरी ते पुढे दीर्घकाळ विकले जात राहिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. जेथे मालाचा गुण ग्राहकाला तपासता येत नाही आणि ग्राहक दुखण्याने गांजलेला असतो, तेथे बनावट माल खऱ्या मालाइतकाच चालतो. येथे तर खरा मालही निरुपयोगीच होता!

जे औषधाचे तेच ज्ञानाचे. हर्मीस त्रिस्मेगिस्तस या नावावर चालणारे ग्रंथ म्हणजे अतिप्राचीन इजिप्शियन ज्ञान, अशी युरोपीय विद्वानांची दीर्घकाळ समजूत होती. आयझॅक कॅसोबाँ या पंडिताने १६१४ मध्ये भाषेच्या पुराव्यावरून ते लेखन ख्रिस्तोत्तर काळातील असल्याचे दाखविले. पुढे १७९८ मध्ये नेपोलियनची स्वारी झाली, १७९९ मध्ये रोझेटाचा शिलालेख सापडला आणि १८२२ मध्ये शाँपोलियोंने चित्रलिपीचा उलगडा केला. लिपी वाचता येत नव्हती तोवर तीत काहीही दडले आहे असे म्हणता येत होते. ती वाचता येऊ लागली तेव्हा तीतून राजांची स्तोत्रे आणि देवांच्या प्रार्थना निघाल्या, तसेच करांचे हिशेब, कज्जेदलाली आणि औषधांच्या याद्याही निघाल्या. यावर गूढवाद्यांचे उत्तर तयार होते: खरे रहस्य लिहून ठेवलेलेच नाही!

या गूढ इजिप्तला बहर आला तो काळ लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाचे भाव कडाडले आणि त्या तेजीने मुंबईला जसे वेड लावले तसेच इजिप्तलाही लावले. तेजी ओसरल्यावर मुंबईत शेअरबाजार कोसळला. इजिप्तचा खेदिव इस्माईल मात्र युरोपीय सावकारांच्या कर्जात अधिकाधिक रुतत गेला. १८७५ च्या नोव्हेंबरात त्याने सुवेझ कालव्यातील आपले भाग सुमारे चाळीस लाख पौंडांना ब्रिटिश सरकारला विकले. हा कालवा खणताना आरंभीच्या वर्षांत हजारो फेलाहीन, म्हणजे इजिप्शियन शेतकरी, वेठीला धरले गेले होते. १८७६ मध्ये देशाच्या तिजोरीवर परकीय धनकोंचा आयोग बसला आणि १८८२ मध्ये इंग्रजांनी देशच ताब्यात घेतला.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच १८७५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. १८७७ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की यांचा 'आयसिस अनव्हेल्ड' हा ग्रंथ निघाला. १८८८ मध्ये लंडनमध्ये 'गोल्डन डॉन' हे इजिप्शियन विधींनी नटलेले गुप्त मंडळ उभे राहिले, आणि १९१५ मध्ये अमेरिकेत रोझिक्रुशियन संघटनेने आपली परंपरा फेरोंपर्यंत नेऊन भिडविली. हा कोणाचा कट होता असे मला म्हणावयाचे नाही. परंतु ज्या पश्चिमेने जिवंत इजिप्शियन माणसाला कर्जदार आणि वेठबिगार करून टाकले, त्याच पश्चिमेला मृत इजिप्शियन मात्र जगद्गुरू वाटू लागला, हा योगायोग सहज सोडून देता येत नाही. थिऑसॉफीच्या आरंभीच्या पत्रव्यवहारातील गुप्त गुरू 'लक्सर'च्या बंधुसंघाचे होते. १८७९ मध्ये ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईला आले, आणि मग ते गुरू हिमालयात व तिबेटात राहू लागले. दूरच्या पराधीन देशाचे गूढ हा असा पाहिजे तेव्हा हलविता येणारा माल असतो. भारत आणि इजिप्त या दोघांनाही ही पूजा लाभली, आणि दोघांचेही पारतंत्र्य तिने रतिभर कमी केले नाही.

दाढीचे पाते आणि एकस्व

'पिरॅमिड शक्ती' ही तर अगदी अलीकडची निपज आहे. प्राग येथील कारेल द्रबाल या रेडिओ-अभियंत्याने दाढीचे पाते पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ठेवल्यास पुन्हा धारदार होते असा दावा केला आणि १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात त्याचे एकस्व मिळविले. १९७० मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका लोकप्रिय पुस्तकाने ही कथा जगभर नेली. १९७३ मध्ये पॅट्रिक फ्लॅनागन यांचे 'पिरॅमिड पॉवर' हे पुस्तक आले, आणि पात्यापासून फळांपर्यंत व फळांपासून मनुष्यदेहापर्यंत या शक्तीचा विस्तार झाला. त्याच वर्षी कॅनडात प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित प्रयोगांत पिरॅमिडाकृती आणि साधी खोकी यांच्यात काही फरक आढळला नाही. परंतु प्रयोगाला पुस्तकाइतका खप नसतो.

एकस्वाचा दाखला विक्रेते अजूनही पुढे करतात. कार्यकर्त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की एकस्व हा कल्पनेवरील मालकीचा दाखला आहे, तिच्या गुणाचा नाही. या शक्तीचा इजिप्तशी संबंध तर केवळ आकारापुरता. खुफूचा मोठा पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच, अंदाजे तेवीस लाख दगडी ठोकळ्यांचा, आणि राजाच्या दफनासाठी बांधलेला. त्यात रोगी बरे करण्यासाठी नेत असल्याचा पुरावा प्राचीन इजिप्तच्या कोणत्याही लेखात नाही.

बांधणारे आजारी पडत तेव्हा

मग पिरॅमिड बांधणारी माणसे आजारी पडली म्हणजे काय करीत? याचे उत्तर देणारी साधने आज उपलब्ध आहेत, आणि ती कोणत्याही गूढग्रंथापेक्षा वाचनीय आहेत.

२०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला खुफूच्या काळातील पपायरस सापडले. मेरेर नावाच्या मुकादमाची ती रोजनिशी आहे. तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरावयाचे, नाईल आणि कालव्यांतून गिझाला पोचवावयाचे, परत यावयाचे, असा त्याच्या टोळीचा दिवसागणिक हिशेब तीत आहे. सोबत शिध्याच्या नोंदी आहेत. गिझाच्या पायथ्याशी १९९० मध्ये कामगारांच्या कबरी उजेडात आल्या. तेथील सांगाड्यांत पाठीचे मणके आणि गुडघे झिजलेले आहेत. काही मोडलेली हाडे मात्र सरळ जुळून आलेली आहेत. कोणीतरी ती बसवून बांधली होती, आणि हाड जुळेपर्यंत त्या माणसाला कोणीतरी खाऊ घातले होते.

यानंतर सुमारे बाराशे वर्षांनी राजांच्या थडग्यांचे काम करणारे कारागीर देर अल्-मदीना या वस्तीत राहत. त्यांच्या गैरहजेरीचा एक तक्ता चुनखडीच्या मोठ्या फरशीवर लिहिलेला असून तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातील या तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे कारण दिले आहे: आजारी, डोळे आले, विंचू चावला, आईचे अंत्यसंस्कार. एका कामगाराच्या नावापुढे तर सोबत्यासाठी औषध करीत असल्याने गैरहजर, अशीही नोंद आहे. वैद्याला शिध्यात जादा वाटा असे, आणि विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकालाही असे. प्राचीन इजिप्तच्या वैद्यकात मंत्र नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. सेखमेतचे पुजारीही वैद्यकी करीत. परंतु त्याच परंपरेत एडविन स्मिथ पपायरस आहे. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास नकललेल्या या लेखात जखमांची आणि अस्थिभंगांची ४८ प्रकरणे डोक्यापासून खाली क्रमाने दिली आहेत. प्रत्येक ठिकाणी आधी तपासणी, मग निदान, मग उपचार करता येईल, झुंज द्यावी लागेल, की उपाय नाही, याचा स्पष्ट निर्णय. या ४८ प्रकरणांत मंत्र एकाच ठिकाणी येतो. उपाय नाही हे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्यापाशी होता. आजच्या ऊर्जाविक्रेत्यापाशी तो नाही.

याच वस्तीतील कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, काम बंद पाडले. शिधा थकला होता. ते भिंती ओलांडून बाहेर पडले, देवळांच्या आवारात जाऊन बसले, आणि भूक-तहानेने आपण येथवर आलो आहोत, अंगावर वस्त्र नाही, अंगाला लावावयाला तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. इतिहासाला तपशीलवार ज्ञात असलेला हा पहिला संप होय. फेरोंच्या थडग्यांच्या अंतर्भागात ज्यांचे सारे आयुष्य गेले, त्यांना तेथील 'ऊर्जे'वर पोट भरता आले नाही, ही साधी गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कापूस, कालवे आणि सुई

त्याच काळाने आणखी एक साक्ष मागे ठेवली आहे. विसाव्या राजवंशातील, म्हणजे याच तिसऱ्या रामसेसच्या घराण्याच्या काळातील, दोन ममींच्या मूत्रपिंडांत मार्क आर्मांड रफर या संशोधकाला १९१० मध्ये बिलहार्झिया रोगाच्या कृमीची चुनकळी झालेली अंडी आढळली. या रोगाचे कृमी पाण्यातील गोगलगायींत वाढतात आणि पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. नाईलच्या शेतकऱ्याचा हा हजारो वर्षांचा रोग. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत कापसासाठी बारमाही कालवे आले, १९०२ मध्ये आस्वानचे पहिले धरण झाले, आणि पाण्याबरोबर हा रोगही बारमाही झाला.

त्यावर १९५० ते १९८० च्या दशकांत अँटिमनीच्या क्षाराची इंजेक्शने गावोगाव देण्यात आली. हेतू उत्तम होता, औषध त्या काळचे मान्य औषध होते. परंतु काचेच्या सिरिंजा आणि सुया नीट उकळल्या न जाता पुनःपुन्हा वापरल्या गेल्या. यकृताला पोखरणारा हिपॅटायटिस 'सी'चा विषाणू तेव्हा कोणाला माहीतही नव्हता. त्याचा शोध १९८९ मध्ये लागला. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील सुमारे १५ टक्के इजिप्शियनांच्या रक्तात या संसर्गाची खूण आढळली. जगातील हे सर्वांत मोठे प्रमाणांपैकी एक होते.

गूढोपचाराचे समर्थक येथे बोट ठेवतील: पाहा, तुमच्या विज्ञानानेच रोग पसरविला! हा आक्षेप टाळण्यात अर्थ नाही. तो खरा आहे. परंतु पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे.

२०१४ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या सैन्याने पत्रकार परिषद घेऊन एड्स आणि हिपॅटायटिस 'सी' ही दोन्ही दुखणी हमखास बरी करणारे यंत्र तयार झाल्याची घोषणा केली. राष्ट्राभिमानाची लाट उसळली. तत्कालीन हंगामी राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान-सल्लागार एसाम हेग्गी यांनी हा देशाला काळिमा लावणारा प्रकार असल्याचे उघडपणे सांगितले. ३० जूनपासून सुरू होणारे उपचार पुढे ढकलले गेले, आणि ते यंत्र कोणाच्याही उपयोगी न पडता विस्मृतीत गेले. चमत्काराला गणवेश चढविला म्हणून त्याचे विज्ञान होत नाही.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. हिपॅटायटिस 'सी'वरील नव्या गोळ्यांची अमेरिकेतील किंमत बारा आठवड्यांना ८४,००० डॉलर होती. इजिप्तने वाटाघाटी करून त्याच गोळ्या ९०० डॉलरना मिळविल्या, आणि लवकरच देशी कारखान्यांनी ती किंमत शंभर डॉलरच्याही खाली आणली. २०१८ च्या ऑक्टोबरपासून सात महिन्यांत सुमारे पाच कोटी प्रौढांची रक्ततपासणी झाली. ज्यांना रोग निघाला त्यांना सरकारी खर्चाने औषध मिळाले. रोगी हुडकून त्याला बरे करण्याचा दरडोई खर्च सुमारे १३० डॉलर आला. तपासणीच्या खर्चासाठी जागतिक बँकेचे कर्ज काढावे लागले, आणि हे सारे करणारी राजवट लोकशाहीवादी नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही २०२३ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाच्या निर्मूलनाच्या वाटेवरील सर्वोच्च टप्पा गाठणारा जगातील पहिला देश म्हणून इजिप्तचा गौरव केला. विज्ञानाची चूक विज्ञानाने शोधली, मोजली आणि सार्वजनिक पैशाने दुरुस्त केली. पिरॅमिडच्या प्लॅस्टिकी प्रतिकृतीची चूक कोण मोजणार, आणि तिची दुरुस्ती कोणाच्या पैशाने होणार?

श्रद्धा ठेवणारा आणि माल विकणारा

इजिप्तकडे ओढले जाणारे सारेच एका मापाने मोजता येत नाहीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये १९७० च्या दशकापासून 'केमेट', म्हणजे काळी भूमी, या प्राचीन नावाने इजिप्तला आपली मातृभूमी मानणारे पंथ निघाले. ज्यांच्या पूर्वजांची नावे, भाषा आणि देव गुलामीच्या बाजारात हिरावून घेतले गेले, त्यांनी आफ्रिकेतील एका महान संस्कृतीत स्वतःचा चेहरा शोधावा, यात अपमानाला दिलेले उत्तर आहे. धर्मांतराचा इतिहास जाणणाऱ्या महाराष्ट्राला हे समजावून सांगण्याची गरज नाही. इसिसची प्रार्थना कोणाला धीर देत असेल तर त्याच्याशी आपले भांडण असू शकत नाही. भांडण सुरू होते ते प्रार्थनेचे दरपत्रक निघते तेव्हा, आणि रोग्याला औषध सोडावयास सांगितले जाते तेव्हा.

रोगी तेथे का जातो, हाही प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आपल्या देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोक थेट आपल्या खिशातून भरीत होते. सरकारी दवाखान्यात रांग, खाजगी इस्पितळात लूट, आणि दोन्हीकडे रोग्याशी चार शब्द बोलावयास कोणाला सवड नाही. ऊर्जोपचार करणारा निदान तासभर ऐकून घेतो. त्या ऐकून घेण्याची किंमत तो वसूल करतो, आणि आपण मात्र केवळ त्याने विकलेल्या पिरॅमिडला हसतो.

म्हणून आपल्या कामाच्या दोन बाजू आहेत. पहिली, कायद्याची. रोग बरा करण्याच्या जादुई दाव्यांच्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. चमत्कारी गुणांचा दावा करून वस्तूंची जाहिरात करणे या कायद्याखाली बेकायदेशीर ठरते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये एका यंत्राच्या दूरदर्शनीय जाहिरातीबाबत दिला. हे निर्णय कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. आपल्या गावात अशी जाहिरात दिसली तर लेखी तक्रार करणारा कार्यकर्ता हवा.

दुसरी बाजू अधिक कष्टाची आहे. हिपॅटायटिसवरील राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ मध्ये आपल्याकडेही सुरू झाला आणि त्याखाली तपासणी व औषध मोफत देण्याची तरतूद आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात ती तपासणी होते का, औषध साठ्यात असते का, सुई प्रत्येक वेळी नवी असते का, हे जाऊन पाहणे हे अंधश्रद्धा निर्मूलनाचेच काम आहे. रोग्याला रुग्णालयापर्यंत सोबत करणे आणि त्याचे म्हणणे तासभर ऐकून घेणे, हेही त्याच कामात येते. देर अल्-मदीनाच्या कारागिरांनी देवळाच्या आवारात बसून देवाकडे वरदान मागितले नाही. त्यांनी थकलेला शिधा आणि अंगाला लावावयाचे तेल मागितले, ज्यांच्याकडे ते होते त्यांच्याकडे मागितले, आणि सर्वांनी मिळून मागितले. आरोग्य असेच मागावे लागते.